बिनवासाची

त्या दिवशी सकाळी मी मुंबईहून आलेल्या एका सुटाबुटातल्या माणसाला हॉटेलच्या बाथरूममध्ये पाठवलं आणि त्याची मान साबणानं घासायला लावली. बिचारा आदल्या संध्याकाळी शहागंजात फिरायला गेला होता आणि तिथं कुणीतरी त्याच्या कानामागं अत्तर लावून दिलं होतं. खस होतं, चांगल्यापैकी. पण मला त्यानं आणलेल्या फ्रेंच वाइन चाखायच्या होत्या, आणि खोलीत खस असला की सगळ्या वाइनना खसच लागतो. "धुऊन या, नाहीतर बाटल्या उचला आणि मुंबईची गाडी धरा," मी म्हणाले. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय, म्हणून तो हसला. मी हसले नाही. मग तो गेला आणि मान लालबुंद करून परत आला.

मला लोक तापट म्हणतात. आहेच मी तापट, त्यात लपवण्यासारखं काय आहे. संभाजीनगरातल्या एका मोठ्या हॉटेलात वाइनची खरेदी माझ्याकडं आहे. लेणी बघायला परदेशी लोक येतात, वाळूज आणि शेंद्र्याच्या कंपन्यांचे पाहुणे येतात, त्यांना जेवणासोबत चांगली रेड वाइन लागते. ती कुठली ठेवायची ते मी ठरवते. माझी माय देवगाव रंगारीला धाकट्या भावाकडं राहते. ती शेजारणींना सांगते, "थोरली हॉटेलात वास घ्यायच्या कामाला हाय." शेजारणींना वाटतं मी मसाल्यांचे वास घेते. मायनं त्यांचा गैरसमज कधी काढला नाही आणि मीही त्या भानगडीत पडले नाही.

हे नाक मला कुठल्या कोर्सात मिळालं नाही. कोर्स नंतर केले. नाक तयार झालं ते मारामुळं.

माझा बाप प्यायचा आणि मारायचा. मी दुसरी-तिसरीत असल्यापासून मायनं मला दाराशी उभं करायची पद्धत पाडली होती. दिवेलागणीला बाप यायचा, मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं व्हायचे. तो तांब्या घ्यायला वाकला की मी वास घ्यायचा आणि आत जाऊन मायला सांगायचं. संत्र्याचा वास असला तर ती दुकानातली देशी. मग तो शिव्या द्यायचा, एखादं भांडं भिंतीवर फेकायचा आणि झोपायचा. गुळाचा आणि नवसागराचा उग्र वास आला तर हातभट्टी. मग माय धाकट्याला काखेत मारून शेजाऱ्यांच्या गोठ्यात पळायची, आणि मी फुंकणी, विळा, मुसळ, जे काही त्याच्या हाताला लागण्यासारखं असेल ते कडब्याच्या गंजीत खुपसून ठेवायचे. दोन्ही वास एकत्र आले तर काही लपवून उपयोग नसायचा. अशाच एका संध्याकाळी त्यानं मायचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. तिचं कपाळ फुटलं. त्याची खूण अजून आहे, ती त्यावर कुंकू जरा मोठं लावते.

एकदा मात्र काहीच वास आला नाही. मी नीट हुंगलं. बिडी, घाम, बैलाचा वास, बस. आत जाऊन म्हणाले, "नाय, आज नाय पेला." माय इतकी खूश झाली की तिनं चूल फुंकून ताजी भाकरी टाकली, ताट केलं, त्याच्यासमोर बसून त्याला वाढायला लागली. कोरड्यास खारट झालं होतं की नव्हतं कोण जाणे. त्यानं तापलेला तवा उचलला आणि तिच्या हातावर ठेवला. ठेवला आणि वरनं दाबला. कातडी तव्याला चिकटून आलेली मी बघितली. नंतर तो शांतपणे जेवला आणि बाजेवर जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी मायनं मला चिमट्यानं झोडपलं. डाव्या हातानं, कारण उजवा फडक्यात गुंडाळलेला होता. "नाक काय गहाण टाकलं होतं का? तू सांगितलं म्हणून म्या बसले. बिनवासाची पेला असंल, तुला कळलं नाय." मी म्हणत राहिले की नव्हता गं वास, आणि ती मारत राहिली. आठवडाभर माझ्या पाठीला कपडा सहन होत नव्हता. त्यानंतर मी इतक्या जवळ जाऊन वास घ्यायला लागले की बापानं एकदा माझ्या नाकावरच ठोसा मारला. हाड जरा वाकडं आहे अजून. मुंबईचे लोक मला विचारतात, मॅडम, एवढं तीक्ष्ण नाक कसं काय? मी त्यांना पुढचा ग्लास भरायला सांगते.

मायचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मारती ती दारू, माणूस नाय मारत." बाप यकृत सडून मेला तेव्हा ती ऊर बडवून हेच म्हणाली, की माणूस सोन्यासारखा होता, दारूनं नेला. धाकट्यानं बापाच्या तेराव्याला गळ्यात तुळशीची माळ घातली आणि शपथ घेतली की थेंबाला शिवणार नाही. मायला आकाश ठेंगणं झालं. त्याच्या लग्नाच्या वेळी ती वैजापूरच्या स्थळाला हेच एक सांगत होती, "पोरगं निर्व्यसनी हाय. सुपारीसुद्धा खात नाय." वैजापूरवाल्यांनीही मुलाचं दुसरं काही विचारलं नाही. पोरीचं नशीब उघडलं म्हणाले.

तर त्या सकाळी मान धुतलेला माणूस परत आला आणि आम्ही सुरुवात केली. बोर्दो भागातल्या चार वाइन होत्या, सगळ्या नव्या सालाच्या, नुकत्याच बाटलीत भरलेल्या. प्रत्येक बाटलीला गळ्यापर्यंत कापडी पिशवी घातलेली, म्हणजे नाव दिसू नये. नाव दिसलं की माणसाची जीभ खोटं बोलायला लागते. टेबलावर पांढरी चादर, ग्लास, तोंडातली चव पुसायला साधी पोळी आणि प्रत्येकासमोर थुंकायचं भांडं. मी आजवर कामाच्या वेळी एक घोट गिळलेला नाही. घेते, घोळवते, थुंकते. आमचा रेस्टॉरंटचा मॅनेजर पक्का औरंगाबादी, त्याला ही थुंकाथुंकी बघवत नाही. "मॅडम, इतना महंगा माल, और आप थूक देते?" असं तो दर वेळी म्हणतो आणि स्वतः मुकाट्यानं गिळतो.

नव्या सालाची वाइन चाखायची म्हणजे ती आज कशी लागते हे बघायचं नसतं. आज ती पिण्यासारखी नसतेच. दहा-पंधरा वर्षांनी तिचं काय होईल ते आज ओळखायचं असतं. स्थळ बघतात तसंच ते. पहिल्या बाटलीचा वास बंद होता, नुसतं लाकूड आणि ओली माती. तोंडात घेतली तर हिरड्या आवळल्या, बाभळीची शेंग चावल्यासारखं झालं. मॅनेजरनं तोंड वेडंवाकडं केलं. मी मात्र वहीत तिच्यापुढं बरोबरची खूण केली. जे काय आहे ते तिनं पहिल्या घोटातच सांगून टाकलं होतं, आणि त्या तुरटपणाच्या मागं पिकलेल्या जांभळाचा गर भरपूर होता. दुसरी पाणचट होती, तिच्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

तिसरीनं सगळ्यांना गारद केलं. ग्लास नाकाशी नेला आणि खोली बदलल्यासारखी वाटली. जांभूळ, गुलाबाच्या वाळल्या पाकळ्या, नव्या वहीचा वास, जराशी दालचिनी. मीही भुलले, खोटं कशाला सांगू. मॅनेजर म्हणाला, "हौ मॅडम, क्या खुशबू है. यही लेलो." मुंबईवाल्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मी ओळखलं, हीच ती भारी बाटली, जिच्यासाठी तो आलाय. मी घोट घेतला. पुढं छान होती, मध्ये छान होती. मी थुंकले आणि थांबले. थांबायचं असतं. बाकीचे वहीत गुण लिहायला लागले होते. माझ्या जिभेच्या मुळाशी हळूहळू कडू चढायला लागलं, लिंबोळीचं कडू, आणि ते उतरेना.

मी ग्लास पुन्हा भरला आणि जोरजोरात गरगरवला, चादरीवर शिंतोडे उडाले तरी थांबले नाही. वाइन शांत बसलेली असेपर्यंत गोडच बोलते, तिला हलवली की आतलं बाहेर येतं. पुन्हा घोट घेतला. कडू आता लवकर आलं.

"ही नको," मी म्हणाले.

"मॅडम, यंग आहे अजून. थोडा वेळ द्या तिला."

"तुरटपणा वेळेनं मुरतो. कडवटपणा मुरत नाही. वरचं फळ ओसरलं की तोच उरेल."

"पण वास बघा ना. असा वास या सालात कुणाला नाही."

"वास म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं माझं तोंड करतं, आणि ते नाही म्हणतंय."

तो वाद घालायला लागला. अमक्या समीक्षकानं इतके गुण दिलेत, तमक्यानं तितके. मी ग्लास टेबलावर असा आपटला की दांडी तुटली. वाइन चादरभर पसरली आणि माझ्या बाहीवर आली. मॅनेजर उठून फडकं आणायला गेला. चौथी बाटली आम्ही घाईनंच चाखली, ती काही वाईट नव्हती.

चाखताना मी मोबाईल टेबलाच्या खणात ठेवते. काढला तर मायचे फोनवर फोन येऊन गेले होते. मी लावला.

"तुझी भावजय बापाला घेऊन आली," माय म्हणाली. "चार दिवसांमागं घर सोडून वैजापूरला गेल्ती. आता म्हणती, हा मारतो. व्याही म्हणत्यात, जावई चोरून पीत असंल, त्याबिगर माणूस कामून मारंल? म्या म्हणलं, माझं लेकरू माळकरी हाय. मंग असं ठरलं की तुला बोलवायचं. तू त्याच्या तोंडाचा वास घेऊन सांगायचं. वास आला तर पोरगी बापासंगं माघारी जाईल, ह्याची दारू सुटंपर्यंत. नाय आला तर ती आजपासून इथंच राहील, आन् परत तक्रार घेऊन माहेरी जायचं नाय."

"हे सगळ्यांना कबूल आहे?"

"व्हय. व्याह्यांनाबी."

"आणि तिला?"

"तिला कोण इचारतंय. तू ये लवकर."

मी गाडी काढली. तोंड धुतलं होतं, कपडे बदलायचं सुचलं नाही. दौलताबादच्या वेशीतून गाडी काढताना समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याला मी अशी शिवी हासडली की तो बिचारा रिव्हर्स घेऊन मागं गेला. माझा राग नेमका कुणावर होता ते मला नीट सांगता येणार नाही. भावजय पोळ्याला स्वयंपाकघरात माझ्याशी बोलली होती. तेव्हा तिच्या मनगटाला प्लास्टर होतं आणि घरात सगळ्यांना सांगितलं होतं की मोरीत घसरली. पुरणाची पोळी एका हातानं उलटताना ती हळूच म्हणाली, "अक्का, म्या फक्त विचारलं, कुठं होतात. त्यांना विचारलेलं चालत नाय." मी मायशी त्यावरनं कडाकडा भांडले. माय म्हणाली, त्याच्या तोंडाला वास आला का तुला? नाय ना? मंग. वेरूळ गेलं, कसाबखेडा गेलं, आणि मला सारखं ते प्लास्टर दिसत होतं.

भावाचं घर रस्त्यालाच आहे, पुढं खतबियाण्याचं दुकान, मागं राहायच्या खोल्या. आज दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. आतल्या खोलीत भाऊ खुर्चीवर बसला होता, पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, माळ सदऱ्याच्या बाहेर काढलेली. भावजयीचा बाप कॉटवर. म्हातारा भला माणूस, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. माय भिंतीला टेकून. आणि भावजय स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर, पदर पुढं ओढून. मी तिचा पदर मागं सारला. डावा डोळा बंद झालेला, जांभळा. कानशिलावरचे केस उपटून काढलेले, तिथं खपली धरली होती. तिची पिशवी शेजारीच होती, अजून उघडलेली नव्हती.

"हे कशानं झालं?" मी भावाला विचारलं.

"आधी वास घे," माय म्हणाली. "ठरलंय ते कर."

मी घेतला. भावासमोर वाकले, त्यानं आपणहून तोंड उघडलं, शाळेत नखं दाखवतात तसं. चहा. वेलदोडा. टूथपेस्ट. सदऱ्याला युरियाचा आणि कीटकनाशकाचा वास, तो दुकानाचा. तुळशीच्या मण्यांचा घामट वास. दारू नव्हती. आज नव्हती, काल नव्हती, कधीच नव्हती. जुनी दारू कातडीतून येते, तीही नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "हा पीत नाही."

मायनं मोठा श्वास सोडला. भावजयीचा बाप टोपी डोक्यावर घालून उठला. त्याच्या तोंडावर मला सुटका दिसली आणि त्याचीच मला किळस आली. तो लेकीला म्हणाला, "बाई, ऐकलंस ना? आता तुझंच कुठं चुकत असंल. सांभाळून घे. राहा इथं."  भावजय उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिली, आणि तिचा हात पिशवीच्या बंदावरनं निघून खाली पडला.

"मामा, बसा," मी म्हणाले. "माझं झालं नाही. वास म्हणजे निम्मं काम."

"आता काय राहिलं?" भाऊ म्हणाला.

मी त्याच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि विचारलं, "ती माहेरी गेली त्याच्या आदल्या दिवशी तू कुठं होतास?"

तो हसला. आधी सासऱ्याकडं बघून हसला, मग मायकडं. "अक्का, तू काय फौजदार झालीस का?"

"कुठं होतास?"

"मामा, जरा हिच्या जवळ या," तो सासऱ्याला म्हणाला. "वास कुणाच्या तोंडाला येतोय बघा. आमच्या घरात दारू पिणारी एकच हाय, आन् ती न्याय करायला आली." म्हातारा खरंच पुढं झाला, माझ्या बाहीशी वाकला आणि झटक्यात मागं सरला. त्याच्या लेखी मी तिथंच संपले. मायनं पदर तोंडाला लावला. त्या खोलीत दारूचा वास फक्त माझ्या अंगाला येत होता, हे खरंच होतं.

"येतोय वास," मी म्हणाले. "पण मी कुणाचे केस उपटले नाहीत. तू कुठं होतास?"

"बस खाली."

"कुठं होतास?"

"अक्का, सांगतोय, बस खाली."

मला त्याचा चेहरा दिसत होता. कपाळावरचा बुक्का तसाच होता आणि डोळे बारीक झाले होते. बापाचे व्हायचे तसे. मला भीती वाटली. पाय मागं सरकायला लागले, इतक्या वर्षांनीसुद्धा. मला माहीत होतं की आता गप्प बसले तर तो चहा मागवील, सगळे चहा पितील, आणि मी आणि म्हातारा गेलो की दार आतून लागेल. मी अजून अर्धं पाऊल पुढं गेले, त्याच्या गुडघ्याला माझा गुडघा लागेपर्यंत.

"विचारतेय ना मी. कुठं होतास?"

त्यानं उठता उठताच मारलं. उलट्या हातानं, तोंडावर. माझा ओठ दातावर फाटला आणि मी कॉटच्या लोखंडी पट्टीवर जाऊन आपटले. मी सावरायच्या आत त्यानं माझे केस धरले, कानशिलावरचे, त्याच जागेवरचे, आणि डोकं भिंतीकडं नेलं. एकदा आपटलं. दुसऱ्यांदा आपटताना भावजय मध्ये घुसली, नुकतंच प्लास्टर काढलेला हात मध्ये घालून. तिला त्यानं लाथ मारली, ती पिशवीवर पडली. तोंडानं तो एकच म्हणत होता, "विचारती, मला विचारती, मला." आवाज चढलेला नव्हता, ते सगळ्यात वाईट होतं. म्हाताऱ्यानं त्याला मागनं कवळा घातला, टोपी पडली, दोघं खुर्चीसकट खाली आले. माळ तुटली. मणी कॉटखाली गेले.

माझं तोंड रक्तानं भरलं होतं. लोखंड आणि मीठ. तोंडात आलेलं गिळायचं नाही ही सवय इतकी मुरलीय की मी चहाचा रिकामा पेला ओढला आणि त्यात थुंकले. मग तो पेला म्हाताऱ्यासमोर फरशीवर ठेवला.

"मामा, हे उरलेलं निम्मं," मी म्हणाले. शब्द नीट फुटत नव्हते.

म्हातारा धापा टाकत होता. त्यानं पेल्यात बघितलं, मग लेकीकडं बघितलं. आल्यापासून त्यानं तिच्या डोळ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. तो उठला, टोपी तशीच पडू दिली आणि तिची पिशवी उचलून खांद्याला लावली. "चल, बाई," एवढंच म्हणाला. ती उठली. तिला बरगडी धरून चालावं लागत होतं, पण ती दुकानातून, अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर गेली आणि माझ्या गाडीत जाऊन बसली.

भाऊ खुर्ची सरळ करून तिच्यावर बसला. मणी गोळा करायला वाकला, मग ते सोडून दिले. "हिनं मुद्दाम भडकवलं," तो मायला म्हणाला. "तू बघितलंस ना? मी काय उगं मारत नाय."

माय भिंतीपासून उठली. मला वाटलं ती माझ्याकडं येतेय. ती त्याच्याकडं गेली. तिनं त्याची हनुवटी धरली, तो लहान असताना त्याचं तोंड पुसायला धरायची तशी, आणि वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. तो म्हणाला, "माय, काय करतीस?" तिनं हनुवटी सोडली नाही. पुन्हा वास घेतला, या वेळी डोळे मिटून, बराच वेळ. मला तिचा तो हात दिसत होता, उजवा, ज्याच्या पाठीवरची तव्यानं भाजलेली कातडी अजून गुळगुळीत आणि गुलाबी आहे, केस न उगवलेली.

मग तिनं त्याची हनुवटी सोडली. ती माझ्याजवळ येऊन फरशीवर बसली आणि पदराचं टोक पाण्यात बुडवून माझा ओठ पुसायला लागली. पाणी माझ्या गळ्यावर ओघळत होतं. मी म्हणाले, राहू दे, मी धुते. ती पुसतच राहिली. भाऊ मागं काहीतरी बोलत होता, दोघींपैकी कुणी ऐकत नव्हतं.

"त्या दिवशी," ती म्हणाली, आणि थांबली. कुठल्या दिवशी ते मला विचारावं लागलं नाही. तिनं माझ्या वाकड्या नाकावरनं ओला पदर फिरवला.

"त्या दिवशीबी तुझं नाक बरोबर होतं," माय म्हणाली.